घडी न होणाऱ्या वस्तू

प्रिय सिद्धनाथ,

आपण वेगळे झालो त्यानंतर तुला पहिल्यांदाच लिहितेय. फोन करता आला असता, पण तुझा आवाज ऐकला की माझं सांगायचं राहून जातं. 'बरी आहेस ना', 'बरा आहे' म्हणत आपण फोन ठेवून देतो. मी अजून त्याच भाड्याच्या घरात आहे. हिंजवडीची कॅब अजून त्याच चौकात अडकते. गावी, भरेला, आईबाबा ठीक आहेत. उरलेल्या वावरात बाबांनी खोल्या काढून कंपन्यांतल्या कामगारांना दिल्यात. संध्याकाळी तिथं हिंदीत गप्पा रंगतात आणि आमचे बाबा मधोमध बसून मराठीतच उत्तरं देतात. तू असतास तर पोट धरून हसला असतास.

तो सागवानी पलंग मी विकलेला नाही. माझ्या चुलतभावानं, शैलेशदादानं, गिऱ्हाईकही आणलं होतं, पण मी काहीतरी कारण सांगून टाळलं. खोलीत पलंगाशिवाय दुसरं काही मावत नाही. कपाट उघडायचं तर अजून आडवंच व्हावं लागतं. किती भांडलो आपण त्या पलंगावरून! त्याच्या आधी लोखंडी कपाटावरून, त्याच्या आधी तू खांद्यावरून तीन जिने चढवलेल्या पाट्या-वरवंट्यावरून. आपण स्वतःच्या फ्लॅटसाठी पैसे बाजूला टाकत होतो. रविवारी सकाळी मी मोबाईल घेऊन हिशेबाला बसायचे आणि तू शिक्षा झाल्यासारखा समोर बसायचास. मी घडीच्या खुर्च्या आणल्या, घडीचं टेबल आणलं. घर बदलताना सोपं जाईल, स्वस्तही पडलं. त्या खुर्चीवर तू एकदाही बसला नाहीस. भिंतीला टेकून जमिनीवर जेवायचास. "घडी होणारं काई नको मला घरात," एवढंच म्हणाला होतास, आणि मला वाटलं, काय हा माज!

मला माज का वाटला, ते तुला कधी नीट सांगितलं नाही. रस्त्याकडची जमीन विकली तेव्हा मी नववीत होते. त्या वर्षी आमच्या घरात रोज सण होता. दारात गाडी, आईच्या हातात पाटल्या, बाबांच्या भोवती माणसंच माणसं. बाबा हॉटेलात अख्ख्या पंगतीचं बिल द्यायचे तेव्हा मला त्यांचा केवढा अभिमान वाटायचा. मग हळूहळू माणसं यायची थांबली, गाडी गेली, आणि आई तांदळाच्या डब्यात नोटा लपवू लागली. बाबांपासून. तेव्हापासून घरात कुणी मोठी वस्तू आणली की मी आधी तिची किंमत विचारते. चांगला पगार असून मी डबा न्यायचे, कुणी सोबत जेवायला बोलावलं तर भूक नाही म्हणायचे. तू पलंग घेऊन आलास, टेम्पोवाल्याला चहा पाजलास, हसत हसत त्याला वरचे पैसे दिलेस, तेव्हा जिन्यात मला तू दिसलाच नाहीस रे. बाबा दिसले.

मागच्या आठवड्यात रजा टाकून बाबांच्या कामासाठी पौडला तहसीलला गेले होते. परत येताना स्टँडवर तुझी आई भेटली. मी त्यांना अजून आत्याबाईच म्हणते, दुसरं काय म्हणणार? मला वाटलं तोंड फिरवतील. त्यांनी बाकावर सरकून जागा केली. "बस हितं. लई वाळलीस," म्हणाल्या. मी चहा आणि गरम भजी आणली. त्यांनी विचारलं, "त्यो पलंग हाय का गं अजून?" मी हो म्हटलं, तर पदर तोंडाला लावून बराच वेळ हसल्या.

मग त्यांनी सांगितलं. तू लहान होतास, चौथीत. शाळेतला एक मोडका बाक मास्तरांनी तुला देऊन टाकला. तू तो दगडानं ठोकून उभा केलास, पालापुढं मांडलास, त्यावरच जेवायचास, त्यावरच झोपायचास. दिवाळीनंतर मेंढरं घेऊन बिऱ्हाड कोकणाकडं निघालं. तुझे वडील, भिवाजीमामा, म्हणाले, "ह्ये घोड्यावर कुटं चढवू? ऱ्हाऊ दे हितंच." तू रडला नाहीस. बाक डोक्यावर घेऊन घोड्यामागं चालत राहिलास, घाटाच्या वळणापर्यंत. तिथं तो खाली ठेवलास आणि त्यावर बसून राहिलास. मेंढरं दिसेनाशी झाली तेव्हा पळत आलास. "मागारी आलो तवा कुनीतरी जाळला हुता त्यो," आत्याबाई म्हणाल्या. "पुना कंदी काई मागितलं न्हाई बग त्यानं."

मला तिथंच रडू फुटलं. "परत देऊन टाक, घर बदलताना हे कुठं नेणार?" असं मी तुला किती वेळा म्हटलं असेल! मी फ्लॅटचा विचार करत होते. तुझ्या कानावर मात्र बिऱ्हाड उचलायचा हुकूमच पडत असणार. आणि जाताना तू काय नेलंस? एक पिशवी. ती पिशवी बघून मला त्या दिवशी रागच आला होता, की याला कशाचंच काही नाही.

आता मी थोडं खर्च करायला शिकतेय. परवा ऑफिसातल्या मृण्मयीसोबत बाहेर जेवले, भाव न बघता. पहिला घास उतरेना, दुसरा उतरला. हे सांगावंसं वाटलेलं एकच माणूस आहे, आणि ते आता माझ्या घरात नाही.

आत्याबाईंची एसटी लागली तेव्हा पायरीवरून वळून त्यांनी शेवटची बातमी दिली. तुझं ठरलंय, पुढच्या महिन्यात. करिष्मा नाव आहे, नर्स आहे. चांगलं झालं, असं मी म्हणाले. गाडी गेल्यावरही मी बराच वेळ तिथंच उभी होते. हे पत्र त्यासाठी आहे, सिद्धनाथ. मला परत बोलावू नकोस, मी काही मागत नाहीये. फक्त तिला सांग. लग्नाआधी, भांडी-कपाटं घ्यायच्या आधी, तिच्या शेजारी बस आणि त्या वळणापर्यंतचं सगळं सांग. तिलाही विचार, पैसे घरातून जाताना तिला कशाची भीती वाटते. आपण पाच वर्षं रोज पैशांबद्दल बोललो आणि हे एकदाही बोललो नाही. मला सांगितलं असतंस तर, असं रोज मनात येतं. रोज. तिच्या मनात ते कधी येऊ नये.

अजूनही तुझीच म्हणायची सवय गेली नाही,
दिशा