कमी ऐकू येणारी पिंजारीण

मुक्काम धनज, आषाढ वद्य पंचमी

चि. सौ. गोजराले दादाचे पोटभर आशीर्वाद.

तुही वच्छी माह्याकडं खुशाल हाये, दोन भाकरी खाते. पन तू लिहितेस का पोरगी अजून कुजबुजतच बोलत असन तर पोळ्याले आमी तिले भगताकडं नेतो, अंगारा लावाले. तर आधी हे वाच.

शेजारची सुलतानबी पिंजारीण रोज दुपारी तिले रजईले टाके घालाले बोलावते. दोघीच बसतात, दार लोटून. म्हातारी तिले म्हने, "बेटी, मले कमी ऐकू येते, जोरात बोल." अन बाजारात माळीण नुसती पुटपुटली तरी या म्हातारीले ऐकू जाते. मले वाटलं, चेटूक हाये. पोरीच्या पोटातलं काढून गावभर करन.

काल दाराच्या फटीशी जाऊन म्या हळूच म्हटलं, "लबाड म्हातारी."

आतून लगेच उत्तर आलं, "लबाड तर लबाड, भाऊ. पोरगी बोलून राह्यली, तुमी चूप बसा."

अन मंग वच्छी चांगली ठणकावून बोलली, "मामा, बाजूले सर. उजेड अडून राह्यला."

गोजरा, माही शंका काई गेली नाही. फक्त आता ती तुह्या घराकडं वळली. तिथं वच्छीचं बोलनं कोनी पुरं होऊ देत नव्हतं काय? दाजीले रामराम सांग, अन हेही विचार.

भगत राहू दे. तिले न्याले येशीन तवा तूही म्हन, मले जरा कमी ऐकू येते.

तुहा दादा,
जगदेव