भरती-ओहोटीचं पुस्तक

बाबा, शाळेच्या लायब्ररीतली जुनी पुस्तकं चाळून नवी निवडायचं काम यंदा माझ्या गळ्यात पडलंय. फुलपाड्याची शाळा, दोन कपाटं, आणि सहावी-सातवीची अशी पोरं, की एका प्रश्नाचं उत्तर देईपर्यंत आणखी तीन विचारतात. त्यांना काय आवडेल ते हेडबाई मला विचारतात, कारण मी तुमची मुलगी. मी करते म्हणाले. आनंद वगैरे काही झाला नाही. तुम्ही गेलात तेव्हाही मी आल्यागेल्यासाठी चहा गाळत होते आणि लोक म्हणत होते, पोरगी खंबीर आहे हो. खंबीर कसली, बधिर झाले होते. अजून तशीच आहे.

तुमची पद्धत मात्र हाताला लागली आहे. दर मे महिन्यात तुम्ही तुमच्या शाळेच्या लायब्ररीची पुस्तकं पोत्यात घालून सायकलवरून वाडीत आणायचात आणि ओटीवर बसून एकेक उजेडात धरायचात. मुलांना विचारायचं नाही, म्हणायचात, ती सरांना बरं वाटेल तेच सांगतात. पानं बघायची. लोणच्याचं तेल, केळीचा चीक, अंगठ्याचा मळ. डाग मध्येच थांबले, तर पोरगं तिथे कंटाळलं. शेवटपर्यंत मळलेलं पुस्तक दिसलं की तुम्ही खूश, तसलीच आणखी दोन आणायची. कोरं राहिलेलं बाहेर. आई आतून ओरडते, "जेवायला येताय, की डाग बघूनच पोट भरणार?" तुम्हाला ऐकूच येत नाही.

भरती-ओहोटी का होते ते सांगणारं पुस्तक असंच बाहेर गेलं. रजिस्टरमध्ये त्याच्यापुढे तीनदा एकाच मुलीचं नाव होतं. ती राजोडीची, कोळ्यांची, माझ्याच बाकावर बसायची. पानं मात्र नवीकोरी. "नेते आणि नुसतं घरी ठेवते," तुम्ही म्हणालात, आणि ते दुसऱ्या शाळेला देऊन टाकलंत. शाळा सुरू झाल्यावर तिने विचारलं, "सर, ते पुस्तक कोनी नेलं?" तुम्ही भर वर्गात सांगितलंत, "वाचायचं नसेल तर पुस्तक अडवून ठेवू नये, बाळ." आवाज चढवला नव्हतात. ती "बरं सर" म्हणून माझ्या शेजारी येऊन बसली. त्यानंतर तिने एकही पुस्तक नेलं नाही. सातवीनंतर ती शाळेतही दिसली नाही.

बाबा, तिला ते पुस्तक तोंडपाठ होतं. मधल्या सुट्टीत डब्याच्या झाकणात पाणी घेऊन चंद्र समुद्राला कसा ओढतो ते ती मला समजवायची. "पानी कधी चढतं ते आमच्या घरात सगल्यांना ठाव हाय," म्हणायची, "का चढतं ते कोनालाच नाय." आणि पानं कोरी का, तेही मला ठाऊक होतं. त्याआधी तिने परत केलेलं एक गोष्टीचं पुस्तक मी नाकाला लावून सगळ्यांसमोर म्हटलं होतं, "ई, म्हावऱ्याचा वास!" मुली हसल्या होत्या. तेव्हापासून ती साबणाने हात धुऊन, खाली वर्तमानपत्र पसरून वाचायची. परत करताना पुस्तक माझ्यापुढे धरायची. "आता घे वास."

आज गठ्ठ्यात असंच एक कोरं पुस्तक निघालं. आधी बाहेरच्या ढिगात ठेवलं, मग उचलून टेबलावर ठेवलं. अजून तिथेच आहे.

हा कागद मी कुणाला दाखवणार नाही, लिहून झालं की फाडेन. तुम्ही रागवाल म्हणून त्या दिवशी गप्प बसले, असं मी इतकी वर्षं स्वतःला सांगत आले. ते खोटं आहे. तुम्ही मला कधी बोटसुद्धा लावलं नव्हतंत. शाळेत सगळ्यात जास्त वाचणारी मुलगी आमचीच, असं तुम्ही भेटेल त्याला सांगायचात. ती मी नव्हे, हे तुम्हाला कळू नये, म्हणून मी गप्प बसले.