बाबांनी टेबलावर काहीच ठेवलं नाही

दि. ४ मार्च

ती. ताईस,
शि. सा. न. वि. वि.

भिंगरीने दुमडलेल्या नोटा माझ्या एप्रनच्या खिशात परत कोंबल्या, त्या क्षणी माझं सगळं उलटंपालटं झालं. फोनवर मी ओरडतो असं तू म्हणतेस, म्हणून लिहितोय. कागदावर आवाज चढत नाही. अक्षर चढतंय, ते चालवून घे.

बाबा मला कॉलेजात परत न्यायला आले ते तूच तिकीट काढून दिल्यामुळे, घरभेदी! आल्या दिवसापासून आमची जुंपलेली. शेवटच्या दिवशी मात्र म्हणाले, काम करतोस ती जागा तरी दाखव. दुपारी हॉटेलात नेलं. माझी कामाची वेळ चालू होती, म्हणून त्यांना खिडकीजवळ बसवलं. ते टेबल भिंगरीच्या वाट्याचं. भिंगरी कोण, हे तुला सांगायचं राहिलंय. नाव मीच ठेवलंय, कारण दोन्ही हातांत बशा घेऊन ती खुर्च्यांमधून अशी गिरकी घेते की बघत राहावं. ती हसली की माझ्या हातून सूप सांडतं. झालं, सांगून टाकलं.

बाबांना तिची भाषा धड येत नाही, तिला आपली अजिबात नाही. तरी दोघं काहीतरी बोलत होते आणि हसत होते. माझ्याशी आठवडाभरात एकदा हसले नव्हते! जेवण झाल्यावर त्यांनी स्वतःच बशा एकावर एक रचल्या, सांडलेलं पाणी रुमालाने पुसलं, बिलाचे पैसे नेमके ठेवले, तिला हात जोडले आणि बाहेर पडले. टीप? एक छदाम नाही.

ताई, आपल्या देशात सुटे उरले तर ठेवतात, नाही तर नाही. कोणी मनाला लावून घेत नाही. इथे पगार नावाला, खोलीचं भाडं निघतं ते टिपांवर. काही न ठेवता उठणं म्हणजे तोंडावर सांगणं, की बाई, तू मला आवडली नाहीस. हे मी बाबांना पुन्हा पुन्हा सांगितलं होतं! तिची पाठ होती तेवढ्यात मी माझ्याच खिशातल्या नोटा बशीखाली सरकवल्या, बाबांनी ठेवल्यासारख्या. आणि ती वळली.

नोटा उचलून तिने माझ्या खिशात कोंबल्या. एवढंच म्हणाली, की टीप तिऱ्हाइताने द्यायची असते, बरोबर काम करणाऱ्याने नाही. तुझ्या वडिलांना मी आवडले नाही हे मी गिळलं असतं, पण तू माझं गिऱ्हाईक कधी झालास? तेव्हापासून माझ्याजवळून जाताना भिंतीकडे बघते. महिनाअखेरीस दुसऱ्या हॉटेलात जाणार आहे म्हणे.

बसथांब्यावर मी बाबांवर इतका ओरडलो की लोक वळून बघायला लागले. कंजूष म्हणालो त्यांना. बस आली तशी ते चढले. त्यांना विचार, असं का केलं. नाही तर नको विचारूस. विचारच.

रागव हवं तर, पण माया आटू देऊ नकोस.

तुझा,
भडकू

दि. १७ मार्च

चि. भडकूस,
अनेक उत्तम आशीर्वाद.

घरभेदी तर घरभेदी. एवढ्या लांबलचक पत्रात तू कॉलेजचा उल्लेख तिकिटापुरता केलास आणि सूप मात्र सविस्तर सांडलंस. तुझे भाऊजी वाचताना हसून हसून खोकायला लागले. तुझी खोली, तुझा खोकला, तुझं जेवण, यातलं काही कळलं नाही. ते पुढच्या वेळी.

बाबांना विचारलं. ते मागच्या दाराच्या बिजागरीत तेल सोडत होते. मान वर न करता म्हणाले, तुझ्या भावाला वाटतं म्हाताऱ्याला दिसत नाही. ती पोरगी आत गेली की ह्याची मान स्वयंपाकघराकडे, बाहेर आली की हा टेबलाला धडकतो. टिपेचं मला पाठ होतं, पाकीट काढलंही होतं. पण उद्या ती पोर आपल्या घरात आली, तर तिला पहिल्या भेटीत मी बक्षिशी दिली असं व्हायचं का? घरच्या मुलीला कोणी टीप देतं? मग ठेवलं पाकीट आत, आणि घरी आवरतो तशा बशा आवरल्या.

मी म्हटलं, बसथांब्यावर का नाही सांगितलंत? तर म्हणाले, तो बोलू देईल तर ना. थोड्या वेळाने पुन्हा हाक मारून विचारलं, ती दिवसभर इतरांना वाढते, स्वतः जेवते कधी?

मला तर वाटतं, ती आणि बाबा एकाच मताचे आहेत, टीप परक्याने द्यायची, आपल्या माणसाने नाही. मध्ये नोटा सरकवणारा दीडशहाणा तू. पण तिला हे कसं कळणार? तिच्या लेखी एका म्हाताऱ्याने तिला नापास केलंय. ती जायच्या आत जा आणि सांग. ओरडू नकोस.

तब्येतीला जप, आणि आमच्यावरचा हक्क असाच गाजवत राहा.

तुझी,
ताई

दि. ३० मार्च

ती. ताईस,
शि. सा. न. वि. वि.

पत्र आज सकाळी मिळालं. जिन्यातच वाचलं, मग खोलीत येऊन पुन्हा वाचलं, मग खिडकी उघडली, बंद केली, पुन्हा उघडली. भिंगरीचा आज इथला शेवटचा दिवस आहे आणि माझी सुट्टी. म्हणजे आज मी खरोखरच गिऱ्हाईक!

तिच्यासमोर उभा राहिलो की माझं अर्धं वाक्य राहूनच जातं आणि उरलेलं भांडणासारखं बाहेर येतं. म्हणून असं ठरवलंय. तिच्याच टेबलावर बसणार. जेवणार. बशा एकावर एक रचणार, पाणी पुसणार, बिल नेमकं ठेवणार, हात जोडणार. वर काही नाही. ती चिडून मागे येईल, आलीच पाहिजे. तेव्हा बाबांचं म्हणणं सांगेन, त्यांच्याच शब्दांत. नंतर तिने त्याच बशा माझ्या डोक्यात घातल्या तरी तक्रार नाही. आणि जेवलीस का, हेही विचारायचंय, बाबांच्या वतीने.

बाबांसाठी वेगळा कागद घेतलाय. त्यावर ‘तीर्थरूप’ एवढंच लिहून झालंय. कॉलेजचंही त्यातच लिहीन; हो की नाही, ते अजून मलाच ठाऊक नाही. पण त्यांना सांग, मी कंजूष म्हणालो ते परत घेतलंय.

हात वळवळू नये म्हणून बिलापुरतेच पैसे घेतलेत. पाकीट उशीखाली. काहीही झालं तरी तुझा लाडका मीच, हे विसरू नकोस.

तुझा,
भडकू

ता. क. हे जिन्यात उभा राहून लिहितोय. मी दार आपटलं की शेजारीण भिंत ठोकते, पण आज आपटलं नाही. हळूच ओढून घेतलं.