हरवलेली बकरी

कापडे, मंगळवार

प्रिय झुबेदा,

फोन उचलत नायस, म्हणून ही चिठ्ठी. चौथीपर्यंतचं अक्षर हाय, हसू नको. तू तर दवाखान्याच्या बाकड्यावर बसून डॉक्टरच्या टकलालापण हसलीस.

त्या दिवशी महाडात डॉक्टरनं आपल्या दोघींना एकच सांगितलं. पायाला रक्त कमी पोचतंय, रोज चाला. पोटरी दुखली की थांबा, कळ गेली की परत चाला. दर सोमवारी दवाखान्यातली उज्वला फोनवर व्यायाम शिकवील, भाडं खर्चून यायला नको. मी मनात म्हटलं, सुटले! माझ्या घरात रेंज कुठाय? पण ती पोरगी माझ्याहून आगाव. म्हणे, मावशी, रेंज कुठं मिळते? म्हटलं, वरच्या वळणावर. मग तिथवर रोज चालत जा, म्हणे, तोच तुमचा व्यायाम.

आता आमच्या गावात बाई माणूस बिनकामाचं, रिकाम्या हातानं चालतं कधी? पहिल्याच दिवशी आमच्या वाडीतल्या दत्तारामनं हटकलं, कुठं चाललीस गो? माझ्या तोंडातून निघालं, बकरी हरवलीय. मला कुठली बकरी! दुसऱ्या दिवशी अख्खी वाडी रानात शोधायला. चौथ्या दिवशी दत्ताराम दारात हजर, दोरीला बोकड. हीच काय बघ, म्हणे. मी म्हटलं, माझी बकरी होती रे, जरा मागनं बघ. बिचारा बघून असा लाजला, की अजून मान वर करत नाय.

पण ऐक. आधी वळणापर्यंत पाच वेळा बसायची, आता एकदाच.

तुझ्या तसनीमनं मला सगळं सांगितलंय. सुनेवर चिडू नको. अंगठा काळा पडलाय आणि तू वर मोजा चढवून बसलीस. कापतील म्हणून उज्वलाचा फोनपण घेत नायस. झुबू, आमच्या ह्यांनीपण असाच मोजा घातला होता. काय नाय गो, म्हणायचे, आणि मी मानलं. मोजा काढला तेव्हा उशीर झालेला. तुझं मी मानणार नाय. ही चिठ्ठी आजच्या एसटीच्या कंडक्टरकडं देते, उद्या पहिल्या एसटीनं मीच येते. आधी डॉक्टरला अंगठा दाखवायचा. ते चाला म्हणाले, की तुझ्या मोहल्ल्यात दोघींनी चालायचं. कुणी विचारलंच तर सांगू, बनुबाईची बकरी महाडात आलीय.

तुझीच,
बकरीवाली बनुबाई