तिसऱ्या टिटवीचा झेंडा

४ मार्च

ती. मामांस, शि. सा. न. वि. वि.

मामा, बसून वाचा. मला नौदलाच्या नव्या जहाजावर विजेचं काम मिळालंय आणि जहाजाचं नाव आहे ‘टिटवी’! हो, तुमचीच. म्हणजे तुमची भंगारात गेली, तिच्याआधीची लढाईत बुडाली, ही तिसरी. नाव तेच, पत्रा नवा. माझे पाय जमिनीवर ठरत नाहीत. आई म्हणते, भावानं टिटवीवर स्वयंपाक केला, आता लेक काय दिवे लावते ते बघू.

पहिला झेंडा जुन्या टिटवीकरानंच चढवायचा, असा आमच्या कॅप्टनबाईंचा हट्ट आहे. मी तुमचं नाव सांगून मोकळी झाले. याल ना?

तुमच्या मायेवर हक्क सांगणारी,
ठिणगी

११ मार्च

चि. ठिणगीस, अ. आ.

शेजाऱ्यापाजाऱ्यांना हाका मारमारून बातमी सांगितली. भटारखान्याच्या दारातून वाकून जात जा. तिथल्या नळीनं माझं कपाळ कितीदा सुजवलं होतं.

झेंड्याचं मात्र जमायचं नाही. टिटवीनं समुद्र आटवल्याची गोष्ट पहिलीला शोभते, ती लढली. आम्ही बेटांना पाणी आणि दीपगृहांना तेल पोचवत राहिलो. आमची कढई तेवढी तापली, तोफ कधीच नाही. शूरांच्या नावावर आचाऱ्यानं मिरवायचं, याची मला लाज वाटते. उगाच समजूत घालत बसू नकोस.

प्रकृतीला जप, लोभ आटू देऊ नकोस.
मामा

१८ मार्च

ती. मामांस, शि. सा. न. वि. वि.

अहो, जहाज नवीन आहे, दार चांगलं उंच आहे. तरी मी वाकले आणि सगळे हसले.

तुमचं पत्र मी कॅप्टनबाईंना दाखवलं, रागावू नका. वाचून त्यांनी ते नीट घडी करून मला परत दिलं. मग म्हणाल्या, “पहिलीवरचं एकही माणूस घरी परतलं नाही. तुझ्या मामांच्या टिटवीवरचे सगळे परतले. मला झेंड्याला तोच हात हवाय.”

मामा, तोवर मला नुसता आनंद होता. ते ऐकून पहिल्यांदाच थोडी भीती वाटली. या ना.

दाराकडे डोळे लावून बसलेली,
ठिणगी

२३ मार्च

चि. ठिणगीस, अ. आ.

तुझ्या आईचं आणि माझं तिकीट काढलं. ठेवणीतला कोट पोटावर बसत नाही, बटणं उघडी ठेवीन. काल गच्चीवर दोरी बांधून चादर वरखाली करून पाहिली. हात अजून शाबूत आहेत.

कॅप्टनबाईंना सांग, झेंडा मी चढवतो. पण ही टिटवी म्हातारी होईल, तेव्हा तो उतरवायला तुम्ही सगळेच्या सगळे हजर पाहिजे. एकही कमी चालणार नाही.

लोभ आहेच, तो घेऊनच येतोय.
मामा