हिरव्या इंजिनाचा रंग

४ मार्च
परवा जाहिरात बघून एका बाईंच्या घरून खेळण्यातलं जुनं इंजिन आणलं, ते आज उघडलं. मोटर ठणठणीत! वंगण मात्र चिकट, डिंकासारखं. वरचा हिरवा रंग तर अगदीच हौशी — ब्रशचे फराटे, कडेला ओघळ. दाराखिडक्यांचा उरलेला रंग कुणीतरी फासला असणार. नेहमीप्रमाणे आधी सगळ्या बाजूंनी फोटो काढले. मग कापसाने हलक्या हाताने हिरवा थर उतरवला. खाली कंपनीचा मूळ काळा रंग, जसाच्या तसा! हे म्हणाले, लॉटरी लागल्यासारखा चेहरा झालाय तुझा.

६ मार्च
रुळांवर पळालं! दुपारभर पळवत बसले. भाजी करपली.

९ मार्च
त्या बाईंचा फोन. इंजिन परत हवंय. घर आवरताना सासऱ्यांना न विचारताच विकलं होतं. त्यांना हल्ली माणसंही ओळखू येत नाहीत, इंजिन काय आठवणार, असं बाईंना वाटलं. पण ते दिवसभर कपाटं उपसताहेत, पलंगाखाली वाकून बघताहेत. पानावर बसत नाहीत.

"त्यांनीच रंगवलं होतं हो. ह्यांना लहानपणी हिरवंच हवं होतं, हटून बसले होते म्हणे."

त्यांचे मिस्टर गेल्या वर्षी गेले. तोंडातून निघून गेलं — थोडं काम बाकी आहे, झालं की आणून देते. थोडं! कसलं थोडं?

१० मार्च
ह्यांना सांगितलं. नेहमीसारखी थट्टा करतील वाटलं, पण नाही. म्हणाले, सरळ खरं सांगून टाक. दोनदा फोन हातात घेतला. धीर होईना. चांगलं करायला गेले आणि वाट लावून बसले. कुणी मला पुसायला सांगितलं होतं?

१३ मार्च
हिरवा रंग जुळता जुळत नाही. कधी पोपटी होतो, कधी शेवाळी. शेवटी जमला, तर फराटे येईनात! आयुष्यभर फराटे उठू नयेत म्हणून धडपडले, आणि आता उठत नाहीत म्हणून रडतेय. ओघळ मुद्दाम पाडला. टपावर बोटं लागून रंग झिजला होता, तिथे पॉलिश पेपर घासला. फोटो शेजारी, डोळ्याला भिंग. चोरी करत असल्यासारखी दाराकडे बघत होते.

१६ मार्च
देऊन आले. आजोबा खिडकीपाशी खुर्चीत होते. इंजिन मांडीवर घेऊन उलटंपालटं केलं. ओघळावरून अंगठा फिरवला, पुन्हा फिरवला. माझा जीव टांगणीला. मग माझ्याकडे बघून हसले.

"हेच ते. सापडलं."

सूनबाईंचे डोळे भरून आले. आजोबा पोटभर जेवले. माझ्याही मनावरचं ओझं उतरलं. घरी येऊन ढाराढूर झोपले.

१८ मार्च
बाईंचा फोन. शोधाशोध थांबली, जेवणही सुरळीत आहे. काल मात्र आजोबांनी त्यांना जवळ बोलावलं आणि हळूच सांगितलं, "हे आपलं नाही. पण त्या पोरीला बोलू नकोस. फार मेहनत घेतलीय तिने."

किती विसरायला लागलेत बघा, म्हणून बाई हसल्या.