तास माझा होता

सर, परवा आमच्या शाळेच्या मैदानावरचा लोखंडी बार कापून काढला. कापलेले तुकडे ट्रॅक्टरमध्ये चढवेपर्यंत मी उन्हात उभी होते. तुम्ही असता तर मागून येऊन नुसतं "सावलीत हो" म्हणाला असता. तुम्ही गेलात त्याला आता बरीच वर्षं झाली. मी शिक्षिका झाले ते तुम्हाला ठाऊक होतं, मुख्याध्यापिका झाले ते तुमच्या माघारी. सिरसाळ्याच्या अलीकडं एका गावात आमची शाळा आहे, पाचवी ते दहावी. या पावसाळ्यात तिथं जे झालं ते मी घरी सांगितलं, वरिष्ठांना लेखी दिलं, पण ज्यांना सांगायला हवं होतं ते तुम्हीच होता, म्हणून हे लिहायला बसले आहे.

मी आठवीत होते तेव्हा माजलगावच्या आपल्या शाळेत मुली मैदानाच्या कडेला बसून स्वेटर विणत, नाहीतर गप्पा मारत. खेळाचा तास म्हणजे मुलांचा तास. तुम्ही आलात आणि पहिल्याच आठवड्यात आम्हाला उठवलंत. कुणाची वेणी पाठीवर, कुणाच्या पायात काही नाही, आणि तुम्ही शिट्टी मारून लांब उडीला रांग लावताय. मला त्या खड्ड्याकडं पळत जाताना जे वाटायचं ते नंतर आयुष्यात फार थोड्या वेळा वाटलं. दिवाळीच्या सुट्टीनंतरचा तो पहिला तास. खड्ड्यातली वाळू महिनाभर कुणी खणली नव्हती, दबून दबून ती अंगणासारखी घट्ट झालेली. मी उडी मारली, तोल गेला, उजवा हात खाली टेकला आणि कोपरात काहीतरी मोडल्याचा आवाज मलाच ऐकू आला. डोळे उघडले तर तुम्ही माझ्या शेजारी वाळूत मांडी घालून बसलेले. इतर मास्तर धावत आले, कुणी म्हणालं उचला, कुणी म्हणालं पाणी पाजा. तुम्ही कुणालाच हात लावू दिला नाहीत. फळ्यावर रेघा मारायची पट्टी आणायला लावलीत, गळ्यातल्या टॉवेलनं ती माझ्या हाताला बांधलीत आणि तोंडानं मला पाढे म्हणायला लावत होतात. सतराचा पाढा चुकला तेव्हा म्हणालात, "हाडाचं जाऊ दे, हे लई वाईट झालं." मी रडता रडता हसले होते.

वडील मोंढ्यात हमाल होते. दुसऱ्या दिवशी ते मला घेऊन शाळेत आले, माझा हात प्लास्टरमध्ये, त्यांच्या खांद्यावर अजून ज्वारीच्या पोत्याची धूळ. ते भांडायला आले होते हे मला त्यांच्या चालण्यावरून कळत होतं. मुख्याध्यापकांनी त्यांना बसायला सांगितलं नाही. म्हणाले, मधल्या सुट्टीत पोरं हुंदडतात, आम्ही कुणाकुणाला धरणार, तुमची पोरगी जरा आगाऊच आहे. वडिलांनी माझ्याकडं बघितलं. आणि दारात उभे असलेले तुम्ही आत आलात.

"मधली सुट्टी नव्हती साहेब," तुम्ही म्हणालात. "तास माझा होता. वाळू खणून घ्यायची असती, मी घेतली न्हाई. पोरीची काही चूक न्हाई."

मुख्याध्यापक टेबलावरचा पेपरवेट फिरवत राहिले. वडील तुमच्याकडं वळले. मग म्हणाले, "सर, मी भांडायला आलतो. आता काय बोलू?" आणि माझ्या प्लास्टरकडं बघत, "ही परत पळल का?"

"पळल. मी पळवतो."

त्या वर्षी जिल्ह्याच्या स्पर्धेला आपला संघ घेऊन दुसरेच सर गेले. कारण कुणी सांगितलं नाही, पण आम्हा मुलींनाही ते समजलं होतं. तुम्ही त्याबद्दल एक शब्द काढला नाहीत. प्लास्टरचे सहा आठवडे दर गुरुवारी सायकलवर आमच्या वस्तीत यायचात. त्या काळी आमच्या वस्तीत येऊन चहा पिणारे मास्तर मोजके होते. आई स्टोव्हवर चहा ठेवायची, तुम्ही भिंतीला टेकून बसायचात आणि मला डाव्या हातानं लिहायला लावायचात. प्लास्टर निघाल्यावर पाण्याची बादली दोन बोटं भरून उचलायला लावलीत, मग चार बोटं, मग अर्धी. मार्चमध्ये मी पुन्हा पळत होते.

एकदा तुम्ही मला रागावलात, तेही सांगते. नववीत खो-खो खेळताना आमच्यातली एक मुलगी पडली आणि मी लांबूनच ओरडले की ही वेंधळीच आहे, बघून पळत नाही. तुम्ही मला बाजूला घेतलंत. आवाज चढवला नाहीत. "कोण वेंधळं ते मागून बघू," म्हणालात. "आदी खाली बस तिच्याजवळ." माझे कान इतके तापले की उरलेला तास मी कुणाकडं बघितलं नाही.

आता यंदाचं. आमचे खेळाचे सर तरुण आहेत, कंत्राटी आहेत आणि त्यांना कॉम्प्युटर चांगला येतो. ऑनलाइन माहिती भरायची असली की मी त्यांना ऑफिसात बोलावते. एकदा, दोनदा, मग रोजच. मैदानाच्या कोपऱ्यात लटकायचा एक जुना बार होता, त्याचा एक पाय सिमेंटमधून सुटलेला. सरांनी जूनमध्ये मला तसं लेखी दिलं होतं. मी त्यावर सही केली आणि कागद फाइलला लावला. ऑगस्टमधल्या एका मंगळवारी सातवीचा खेळाचा तास चालू असताना मी त्यांना आत बोलावून घेतलं. दार लावून घेतलं, कारण मुलं सारखी डोकावतात. बाहेर एक मुलगी त्या बारवर चढून बसली, बार हलला आणि ती वरून हातावर आणि डोक्यावर पडली.

मुली आमच्यापर्यंत आल्याच नाहीत. दार बंद असलं की यायचं नाही, हे मीच त्यांना शिकवलेलं. त्यांनी तिला वऱ्हांड्यात आणून झोपवलं, तोंडावर पाणी मारलं, ओढणीनं वारा घातला. पंधरा मिनिटांनी एक मुलगी रडत दार वाजवायला लागली तेव्हा आम्ही बाहेर आलो. मुलगी पांढरी पडलेली, हात वाकडा, नुकतीच ओकलेली. आणि सर, माझ्या तोंडून पहिलं वाक्य निघालं, "तुला कुणी सांगितलं होतं वर चढायला?" ते निघालं आणि मी जागच्या जागी थांबले. मग खाली बसले. तिच्या डोक्याखाली हात घातला. प्रथमोपचाराची पेटी कपाटात, कपाटाची किल्ली शिपायाकडं, शिपाई पोस्टात. गाडी मिळायला आणखी वेळ गेला.

सरकारी दवाखान्यातून तिला पुढं अंबाजोगाईला न्यायला सांगितलं, डोक्याचा फोटो काढायला हवा म्हणून. दवाखान्याच्या वऱ्हांड्यातच मला संस्थेच्या सचिवांचा फोन आला. ते बीडहून परतताना मांजरसुंब्याला जेवायला थांबले होते, मागं ढाब्यावरचा गोंगाट ऐकू येत होता. "बाई, मधली सुट्टी लिहा," ते म्हणाले. "तासाला शिक्षक नव्हता असं कागदावर आलं तर शाळा अडकती. न्हाईतर त्या पोरावर ढकला, तो कंत्राटीच हाय." ते 'पोर' माझ्यापासून चार पावलांवर उभं होतं, हातात मुलीच्या चपला घेऊन. त्यांना सगळं ऐकू गेलं होतं. म्हणाले, "मॅडम, माझं नाव लिहा. मी काही बोलणार नाही." मी म्हटलं, बघू. हो, मी 'बघू' म्हटलं. ताबडतोब नाही म्हणाले नाही.

तेवढ्यात मुलीची आई आली. ती गावची आशाताई आहे, बाळंतिणींना दवाखान्यात न्यायचं, पोरांना डोस पाजायचे, हेच तिचं काम. लसीकरणाच्या फेरीवरून तशीच आली होती, खांद्याला रजिस्टरची पिशवी. मुलीच्या बुबुळांत तिनं स्वतः बॅटरी मारून बघितली, तिला तिचं नाव विचारलं, मग माझ्याकडं वळली. ती रडेल असं मला वाटलं होतं.

"बाई, पडली किती वाजता?"

"पावणेबाराला."

"इथं आणली किती वाजता?"

"साडेबाराला."

"डोक्याला मार लागलेलं लेकरू, आन् दवाखाना दहा मिनिटांवर. मग पाऊण तास कुठं गेला?"

मला आजवर इतका साधा आणि इतका अवघड प्रश्न कुणी विचारला नव्हता. खोटं बोलायला दोन उत्तरं तयार होती, एक सचिवांचं, एक खेळाच्या सरांचं. मी तोंड उघडलं आणि तुमचंच वाक्य निघालं असं मी म्हणणार नाही, तसं काही झालं नाही. मी अडखळत सांगितलं. तास चालू होता. सरांना मी आत बोलावलं होतं. बार सुटल्याचं त्यांनी मला लेखी कळवलं होतं, मी काही केलं नाही. दार मी लावलं होतं म्हणून पोरी आल्या नाहीत. पेटी कुलपात होती.

तिनं सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाली, "तुमी खरं बोललात. पण म्हणून मी गप बसन असं समजू नका."

"नका बसू," मी म्हटलं.

अंबाजोगाईपर्यंत गाडीत मी मुलीच्या पायाशी बसले होते आणि तिला झोपू देत नव्हते. डोक्याच्या फोटोत काही निघालं नाही. डॉक्टरांनी तसं सांगितलं तेव्हा ती बाई पहिल्यांदा भिंतीला टेकली आणि तिनं पदर तोंडाला लावला. हाताची दोन्ही हाडं मोडली होती, ती बसवली.

मी अहवालात घडलं ते लिहिलं, जूनमधला कागद जोडला. तिनं तक्रार केली. मला नोटीस आली, मी खुलासा दिला, त्यात काही लपवलं नाही, आणि माझ्या सेवापुस्तकात त्याची नोंद झाली. सचिव महिनाभर माझ्याशी बोलले नाहीत. खेळाचे सर नोकरीवर आहेत, आणि आता ते फक्त मैदानावर असतात. ऑनलाइन माहिती मी स्वतः भरते, दोन बोटांनी, चुकत चुकत.

आणि ती बाई आता आमच्या शाळा व्यवस्थापन समितीत आहे. मीच तिला विचारायला गेले होते. "मला कावून?" तिनं विचारलं. मी म्हटलं, तुम्ही वेळ विचारता म्हणून. पहिल्याच बैठकीला तिनं पेटीचं कुलूप काढायला लावलं, सगळ्या शिक्षकांना आणि मुलींना मोडलेला हात पट्टीला कसा बांधायचा ते करून दाखवलं. सातवीच्या मुलींना ते आता माझ्यापेक्षा चांगलं येतं. बार काढायला संस्थेची परवानगी मिळेना, तिथंही तीच तीन वेळा जाऊन बसली. माझ्याशी ती अजून मोजकंच बोलते. पण परवा बार कापताना शेजारी येऊन उभी राहिली आणि म्हणाली, "नवीन लावा पण. पोरींनी लटकायचं कुठं?" नवीन बार येतोय, खाली मऊ वाळूचा खड्डा करून. मुलीचा हात सरळ झालाय. खेळाचे सर तिला हळूहळू वजन उचलायला लावतात, ती रोज मला किती उचललं ते सांगायला ऑफिसात येते. दार उघडंच असतं.

हे पत्र कुठं टाकणार. तुमच्या घरी आता कोण राहतं तेही मला माहीत नाही. शाळेच्या जुन्या वहीची पानं आहेत, वहीतच राहतील. पण एक सांगायचं आहे. दवाखान्यात दुसऱ्या दिवशी आई चहा आणायला गेली तेव्हा ती मुलगी मला हळूच म्हणाली, "बाई, मैत्रीण नको म्हणली होती. मी तरीबी चढले. आईला सांगू नका." मी तिला म्हटलं, तू बारा वर्षांची आहेस, तू चढणारच. तुटका बार तिथं ठेवायचा नाही, हे आमचं काम होतं. ती निवांत झोपली. मी मात्र तिथंच बसून राहिले. कारण त्या दिवशी माजलगावच्या मैदानावर मी पळत सुटले तेव्हा तुम्ही मागून "थांब" म्हणून ओरडला होतात. वाळू बघूनच ओरडला असणार. मुख्याध्यापकांसमोर, माझ्या वडिलांसमोर, नंतरच्या इतक्या गुरुवारी, तुम्ही ते कधीच बोलला नाहीत. ऐकू आलं नसेल असं तुम्ही धरून चाललात, की मला तसं वाटू दिलंत, ते मला ठाऊक नाही. सर, मला ऐकू आलं होतं.